१९ फेब्रुवारी: एका तारखेत दडलेले अनेक दिवस

शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात 'दिनविशेष' लिहिण्याचे काम ज्यांच्या वाट्याला कधी आले असेल, त्यांना १९ फेब्रुवारीची यादी तोंडपाठ असण्याची शक्यता बरीच आहे. १४७३ मध्ये निकोलस कोपर्निकस यांचा जन्म, १६३० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म, १८६१ मध्ये रशियात भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा, १८७८ मध्ये एडिसन यांना फोनोग्राफचे पेटंट, १९१५ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन, १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरावर जपानी बॉम्बवर्षाव, १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनची घोषणा आणि १९८६ मध्ये 'मीर' या सोव्हिएत अंतराळस्थानकाचे उड्डाण, अशी ती यादी असते. या आठही ओळी एकाखाली एक लिहिल्या की त्या एकाच मापाने मोजलेल्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांतल्या काही ओळींमधील '१९ फेब्रुवारी' आणि आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील '१९ फेब्रुवारी' यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, आणि तो का नाही हे समजून घेण्यासाठी या एका तारखेइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

सुरुवात सर्वांत सोप्या ओळीपासून करावी. गोखले यांचे निधन १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात झाले. तो शुक्रवार होता. राजकारणात त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या लोकमान्य टिळकांनी त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी श्रद्धांजलीचे भाषण केले, आणि नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी त्या वेळी शांतिनिकेतनात होते, त्यांना ही बातमी तारेने कळली. वर्तमानपत्रे, तारखाते आणि सरकारी दप्तर ही तिन्ही एकच दिनदर्शिका वापरीत होती आणि घटना घडली तेव्हाच तिची नोंद झाली. त्यामुळे या तारखेत संशयाला जागा नाही. दिनविशेषाच्या यादीतील प्रत्येक ओळ इतकीच पक्की असते असे आपण गृहीत धरतो, आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

दिवस आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवस हा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून होतो, तो कोणी मोजो अथवा न मोजो. तारीख हे त्या दिवसाला माणसाने दिलेले नाव असते. एकाच माणसाला घरी एक नाव आणि कागदोपत्री दुसरे असते, त्याप्रमाणे एकाच दिवसाला एकाच वेळी अनेक नावे असू शकतात, आणि उलट एकच नाव दोन वेगळ्या दिवसांनाही पडू शकते. या दुसऱ्या प्रकारामुळेच दिनविशेषाच्या याद्या फसतात.

युरोपात इसवी सनापूर्वी ४५ पासून ज्युलियस सीझरने घालून दिलेली दिनदर्शिका चालत होती. तिचा नियम अगदी सोपा होता: तीन वर्षे ३६५ दिवसांची आणि चौथे ३६६ दिवसांचे, म्हणजे वर्षाची सरासरी ३६५.२५ दिवस. ऋतूंचे खरे वर्ष मात्र सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे आहे. हा फरक वर्षाला जेमतेम अकरा मिनिटांचा असला तरी साठत साठत १२८ वर्षांत एका दिवसाचा होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान होण्याचा मार्चमधला दिवस, चौथ्या शतकातील आपल्या जागेपासून दहा दिवस मागे सरकला होता. ईस्टरचा सण त्या दिवसावर अवलंबून असल्यामुळे चर्चला याची काळजी वाटणे स्वाभाविक होते. शेवटी पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दोन गोष्टी केल्या. ज्या शतकवर्षांना ४०० ने पूर्ण भाग जात नाही, ती १७००, १८०० व १९०० सारखी वर्षे यापुढे लीप वर्षे धरायची नाहीत, हा नवा नियम त्याने केला. आणि आधी साचलेली चूक काढून टाकण्यासाठी गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर लगेच शुक्रवार १५ ऑक्टोबर १५८२ मोजावा असे फर्मावले. स्पेनमधील संत तेरेसा या नेमक्या त्याच रात्री वारल्या. त्यामुळे त्यांच्या पुण्यतिथीसंबंधी लिहिताना 'चार आणि पंधरा ऑक्टोबरच्या मधली रात्र' असे शब्द वापरावे लागतात, आणि ते अक्षरशः खरे आहेत.

या बदलात दहा तारखा गेल्या, पण वारांचा क्रम तुटला नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. तारखांच्या गुंत्यातून वाट काढताना वार हा संशोधकाचा सर्वांत भरवशाचा सोबती असतो तो यामुळेच.

आता कोपर्निकस यांची ओळ पाहू. पोलंडमधील टोरुन येथे त्यांचा जन्म १४७३ मध्ये झाला तेव्हा ग्रेगरीची दिनदर्शिका अस्तित्वातच नव्हती, म्हणून त्यांची १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. आजची पद्धत मागे नेऊन लावली तर तो दिवस २८ फेब्रुवारी ठरतो. तरीही जगभर त्यांची जयंती १९ लाच मानतात, कारण १५८२ पूर्वीच्या तारखा जुन्या पद्धतीनेच ठेवाव्यात असा इतिहासलेखनातील संकेत आहे. गमतीचा भाग असा की दिनदर्शिका सुधारण्याबाबत १५१४ च्या सुमारास चर्चने ज्यांची मते मागवली त्यांत स्वतः कोपर्निकस होते, आणि सूर्य व चंद्र यांच्या गती अजून पुरेशा अचूक मोजलेल्या नसताना ही दुरुस्ती करता येणार नाही, असे त्यांचे मत होते. ग्रहगणिताची नवी मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला आणि दिनदर्शिका त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी बदलली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या यादीतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत गुंतागुंतीची ओळ अर्थातच १६३० ची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबणे भाग आहे.

शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला त्या दिवशी गडावर कोणी '१९ फेब्रुवारी' म्हटले नव्हते. तिथे नोंद झाली असेल ती तिथीची. महाराजांच्या जन्माच्या दोन तिथी मराठी साधनांत आढळतात. बखरींच्या परंपरेत शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७ च्या एप्रिलमधील तिथी येते, आणि शिवजयंतीचा उत्सव दीर्घकाळ याच तिथीला होत असे. दुसरी तिथी भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपून ठेवलेल्या एका शकावलीत मिळाली. शकावली म्हणजे शकवार आणि तिथीवार केलेल्या घटनांच्या त्रोटक नोंदी. तिच्यात बखरीसारखी वर्णने किंवा संवाद नसतात, आणि संशोधकाला ती अधिक विश्वसनीय वाटते त्याचे हेही एक कारण आहे. जेध्यांकडील ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये, म्हणजे गोखले गेल्यानंतरच्या वर्षी, त्यांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. त्या नोंदीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, आणि स्थळ शिवनेरी, इतका तपशील आहे.

पुढे तंजावरला मिळालेले कवींद्र परमानंदाचे संस्कृत शिवभारत १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि महाराजांच्या हयातीत रचलेल्या त्या काव्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच आढळली. राजस्थानातील जोधपूर येथे जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तिचाही कौल शके १५५१ च्याच बाजूने पडला. एकमेकांशी संबंध नसलेली, दूरदूरच्या तीन ठिकाणची साधने एकाच तिथीवर येऊन थांबतात, तेव्हा पारडे साहजिकच त्या बाजूला झुकते. महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये या प्रश्नासाठी इतिहासकारांची समिती नेमली होती, आणि चालू शतकाच्या आरंभी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हीच तिथी शासकीय पातळीवर मान्य झाली.

तिथी ठरली, परंतु तिची तारीख कशी काढायची? येथे पंचांगाची थोडी ओळख लागते. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते, आणि अशा तीस तिथींचा एक चांद्रमास होतो: अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत शुद्ध पक्षाच्या पंधरा आणि पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत वद्य पक्षाच्या पंधरा. चंद्राची गती कमीजास्त होत असल्यामुळे तिथी कधी एकोणीस तासांची तर कधी सव्वीस तासांची असते, आणि सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचे नाव त्या दिवसाला मिळते. 'फाल्गुन वद्य तृतीया' या तीन शब्दांचा अर्थ इतकाच की होळीची पौर्णिमा उलटून तिसरा दिवस, चंद्र थोडा झिजलेला आणि सूर्यास्तानंतर बऱ्याच उशिरा उगवणारा. नक्षत्र ही चंद्राच्या जागेची आणखी एक स्वतंत्र खूण असते, वार हा सात दिवसांच्या अखंड चक्रातून येतो, आणि संवत्सराचे नाव साठ वर्षांच्या चक्रातून. शकात बारा मिळवून साठाने भागावे आणि बाकी पाहावी: १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, साठाने भागून बाकी ३ उरते, आणि प्रभव, विभव, शुक्ल या क्रमात तिसरे नाव 'शुक्ल' आहे. जेधे शकावलीत नेमके तेच लिहिलेले आहे. मागाहून कोणी मनाने तिथी रचली असती तर तिथी, वार, नक्षत्र आणि संवत्सर ही चारही चाके एकमेकांत बसवणे त्याला फार अवघड गेले असते.

शकाचा इसवी सन करताना शाळेत शिकवतात की ७८ मिळवावेत. त्या हिशेबाने १५५१ चे १६२९ होतात. परंतु शक चैत्रात सुरू होतो आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे शकाच्या शेवटच्या सुमारे तीन महिन्यांत, म्हणजे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत, इसवी सन एकाने पुढे गेलेला असतो आणि ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, म्हणून १६३०. महिना आणि तारीख मात्र अशा तोंडी हिशेबाने निघत नाही; त्यासाठी जंत्री लागते. जंत्री म्हणजे तिथी आणि तारखा यांची आमनेसामने मांडलेली कोष्टके. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सेवेल यांच्यासह अशी कोष्टके १८९६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली, आणि त्यापुढच्या पिढ्यांतील इतिहाससंशोधकांच्या टेबलावर मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री ही दौतलेखणीइतकीच आवश्यक वस्तू होती.

जंत्रीत शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेसमोर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मिळते, पण ती ज्युलियन पद्धतीची. इंग्लंडने पोपची सुधारणा तब्बल १७० वर्षे स्वीकारली नाही. तेथे बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला. आपल्याकडचे इंग्रज वखारवाले १७५२ पर्यंत जुन्या पद्धतीनेच तारखा घालीत, आणि मराठ्यांच्या इतिहासातील तारखाही पुढे त्याच पद्धतीने रूढ झाल्या. आज आपण जी दिनदर्शिका वापरतो तिच्यात तो दिवस १ मार्च १६३० आहे.

हे विधान कोणाला पटत नसेल तर ते हातातल्या मोबाइलवर तपासता येते. ग्रेगरीच्या पद्धतीत ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस येतात आणि या संख्येला सातने पूर्ण भाग जातो; म्हणजे दर ४०० वर्षांनी तारखा आणि वार यांची जोडी जशीच्या तशी परत येते. त्यामुळे १६३० चे वार पाहायचे तर २०३० चे कॅलेंडर उघडले तरी चालते. त्यात १९ फेब्रुवारीला मंगळवार आहे आणि १ मार्चला शुक्रवार. जेधे शकावलीत शुक्रवार आहे, तेव्हा नव्या पद्धतीत जुळते ती १ मार्चच. चंद्राची साक्षही हीच आहे. नव्या पद्धतीच्या १९ फेब्रुवारी १६३० ला मागे जाऊन गणित केले, तर चंद्र शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा, अर्धा आणि वाढता निघतो, तृतीयेचा झिजता निघत नाही. १ मार्चला मात्र वद्य तृतीया आणि हस्त नक्षत्र ही दोन्ही नीट बसतात.

त्या एका शुक्रवारची त्या वेळची नावे एकत्र ठेवून पाहावीत. शिवनेरीवर तो फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ होता. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी पोपची दिनदर्शिका आधीच स्वीकारलेली असल्यामुळे त्यांच्या कागदावर तो १ मार्च १६३० होता. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाच्या वहीत मात्र तो १९ फेब्रुवारी १६२९ म्हणून लिहिला गेला असता, कारण इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष १ जानेवारीला न लागता २५ मार्चला लागत असे, आणि त्यामुळे फेब्रुवारी हा सरत्या वर्षाचा महिना होता. आपण आज म्हणतो ती '१९ फेब्रुवारी १६३०' ही तारीख, म्हणजे दिवस जुन्या पद्धतीचा आणि वर्षारंभ नव्या पद्धतीचा, या तिघांपैकी कोणाच्याही कागदावर आली नसती. ती इतिहासकारांनी सोयीसाठी ठरवलेली तारीख आहे. तिला चुकीची म्हणता येणार नाही, पण ती कोणत्या मापाने मोजली आहे हे सांगितल्याशिवाय तिचा अर्थ पुरा होत नाही.

आणखी एक प्रश्न हटकून विचारला जातो: जन्म रात्रीचा असेल तर तारीख बदलत नाही काय? पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो, तर इंग्रजी दिवस मध्यरात्रीला बदलतो, म्हणून शंका रास्त आहे. मध्यरात्रीनंतरचा जन्म पंचांगात शुक्रवारीच राहिला असता आणि इंग्रजी पद्धतीत शनिवारी गेला असता. परंतु जोधपूरच्या कुंडलीत लग्न सिंह आहे आणि सूर्य कुंभेत आहे. लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, आणि कुंभ व सिंह या समोरासमोरच्या राशी. पूर्वेला सिंह उगवत असेल तर कुंभेतला सूर्य पश्चिमेला मावळतीच्या सुमाराला असणार. या कुंडलीवर विसंबले तर वेळ तिन्हीसांजेच्या आसपासची येते आणि तारखेचा पेच उरत नाही. कोपर्निकस यांची जन्मवेळदेखील एका जुन्या कुंडलीतूनच आपल्यापर्यंत आली आहे. भविष्य सांगण्याबाबत कुंडलीवर कोणाचा विश्वास असो वा नसो, ग्रहांच्या जागा टिपून ठेवलेला कागद म्हणून इतिहासकार तिचा आदरच करतो.

शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद दरवर्षी रंगतो. त्यात कोणी कोणती बाजू घ्यावी हे सांगण्याचा येथे हेतू नाही, पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट ठाऊक असावी असे वाटते. फाल्गुन वद्य तृतीया २०२३ मध्ये १० मार्चला आली, २०२४ मध्ये २८ मार्चला आणि २०२५ मध्ये १७ मार्चला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तिथी मागे मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. ज्या चांद्रमासात सूर्य मीन राशीत प्रवेश करतो तो फाल्गुन, आणि हा प्रवेश हल्ली १४ मार्चच्या सुमारास होतो. त्यामुळे फाल्गुनाची अमावास्या त्यानंतरच यायला हवी आणि वद्य तृतीया त्या अमावास्येच्या बारा दिवस आधी. याचा अर्थ असा की आजच्या काळात फाल्गुन वद्य तृतीया मार्चपूर्वी येऊच शकत नाही, आणि तारखेची व तिथीची शिवजयंती कधीही एका दिवशी जुळणार नाही.

महाराजांच्या चरित्रातील इतर तारखांनाही हाच नियम लागू आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला असे आपण म्हणतो. ती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार. नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून आहे. निर्वाणाची ३ एप्रिल १६८० ही तारीख नव्या पद्धतीत १३ एप्रिल होते, आणि वार दोन्हीकडे शनिवारच राहतो. पानिपतची १४ जानेवारी १७६१ मात्र १७५२ नंतरची असल्यामुळे आजच्याच पद्धतीची आहे. ती पौष शुद्ध अष्टमी, बुधवार होती. त्या दिवशी मकरसंक्रांत होती असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते मात्र बरोबर नाही. संक्रांतीची तारीख साधारण सत्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते, त्यामुळे १७६१ मध्ये ती सुमारे चार दिवस आधीच होऊन गेली होती. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार म्हणून ठीक आहे. पंचांग म्हणून नाही.

रशियाची ओळ आता थोडक्यात उरकता येईल. झार दुसरा अलेक्झांडर याने १९ फेब्रुवारी १८६१ रोजी भूदासांना मुक्त करणाऱ्या जाहीरनाम्यावर सही केली. रशियाने जुनी दिनदर्शिका १९१८ पर्यंत सोडली नाही आणि एकोणिसाव्या शतकात दोन पद्धतींमधील अंतर बारा दिवसांचे झाले होते, म्हणून आपल्या हिशेबाने ही घटना ३ मार्चची आहे. म्हणजे कोपर्निकस, शिवाजी महाराज आणि झार यांच्या 'एकोणीस'मध्ये आणि आजच्या 'एकोणीस'मध्ये अनुक्रमे नऊ, दहा आणि बारा दिवसांचे अंतर आहे, आणि तरीही यादीत तिघे एकाच रांगेत उभे असतात.

या जाहीरनाम्यात दुसरीही एक अडचण दडलेली आहे. सही १९ फेब्रुवारीला झाली, पण तो लोकांना वाचून दाखवला गेला तो जुन्या पद्धतीच्या ५ मार्चला. शेतात राबणाऱ्या भूदासाच्या दृष्टीने मुक्तीचा दिवस कोणता? एडिसन यांच्या फोनोग्राफचेही तेच. यंत्र तयार होऊन बोलू लागले १८७७ च्या अखेरीस, पेटंटसाठी अर्ज गेला २४ डिसेंबर १८७७ रोजी, आणि पेटंट मिळाले १९ फेब्रुवारी १८७८ ला. दिनविशेषात 'फोनोग्राफचा शोध' असे लिहून शेवटची तारीख टाकली जाते, कारण सरकारी कागदावर ठसठशीत उमटलेली तीच असते. घटना जेव्हा लांबलचक असते तेव्हा तिच्यातला कोणता क्षण उचलायचा हे कोणीतरी ठरवलेले असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

विसाव्या शतकात दिनदर्शिकेचा प्रश्न जवळपास मिटला, तर घड्याळाचा सुरू झाला. १९ फेब्रुवारी १९४२ ला सकाळी दहाच्या सुमारास जपानी विमाने डार्विनवर आली. पर्ल हार्बरवर चाल करून गेलेले आरमारच त्यामागे होते आणि दोनशेहून अधिक माणसे त्या दिवशी मारली गेली. त्याच १९ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या आदेशावर सही केली, त्यातून अमेरिकेतील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत राहावे लागले. यादीत या दोन ओळी शेजारी दिसतात. पण डार्विनमध्ये १९ ची सकाळ होती तेव्हा वॉशिंग्टनमध्ये १८ ची संध्याकाळ चालू होती. 'मीर'चे तर उड्डाणच तारखेच्या उंबरठ्यावर झाले. बैकानूरहून ते सुटले तेव्हा ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे १९ फेब्रुवारी १९८६ चे रात्रीचे ९ वाजून २८ मिनिटे झाली होती. मॉस्कोच्या घड्याळात १२ वाजून २८ मिनिटे, म्हणजे २० तारीख. आणि भारतात २० च्या पहाटेचे ३ वाजायला दोन मिनिटे. काही पुस्तकांत १९ आणि काहींत २० दिसते ते यामुळे, आणि दोन्ही बरोबर आहेत.

राहिली १९४६ ची ओळ. तिची तारीख निर्विवाद आहे. फसवते ती तिची शेजारीण. मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नाविकांचा संप १८ फेब्रुवारीला सुरू झाला आणि १९ ला बंदरातील जहाजांवर पसरला. त्याच १९ ला ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये कॅबिनेट मिशन हिंदुस्थानात पाठवण्याची घोषणा केली. दोन ओळी एकाखाली एक वाचणाऱ्याचा सहज समज होतो की नाविकांच्या उठावाला घाबरून सरकारने दुसऱ्याच दिवशी मिशन जाहीर केले. मिशन पाठवण्याचा निर्णय मात्र २२ जानेवारीलाच झालेला होता. नाविकांच्या उठावाचा ब्रिटिशांच्या मनावर परिणाम झाला हे खरेच आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही, पण त्या एका घोषणेपुरता तरी तो योगायोग होता. घटना शेजारी आल्या म्हणून त्यांच्यात कार्यकारण जोडण्याचा मोह दिनविशेषाच्या यादीत सतत होतो, कारण यादी आपल्याला फक्त तारीख दाखवते. त्या तारखेमागची महिनाभराची पत्रापत्री दाखवत नाही.

शिवजन्माला २०३० मध्ये ४०० वर्षे पूर्ण होतील. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला मंगळवार आहे. मूळ दिवसाचा आजच्या पद्धतीतला खरा वाढदिवस, १ मार्च, ४०० वर्षांचे चक्र पूर्ण झाल्यामुळे पुन्हा शुक्रवारीच येईल. आणि शके १९५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, होळीची पौर्णिमा १९ मार्चला संपत असल्याने, २२ मार्चच्या आसपास येईल.